पहिली विनंती

कारवार, १८ मे २०२५

बाबा,

नमस्कार. परवा सकाळी मी जहाजाचा ताबा घेतला. तुमच्या तिन्ही जहाजांच्या मानाने हे लहान आहे, आणि दुरुस्तीसाठी धक्क्याला बांधलेले आहे. बहुधा पावसाळा संपेपर्यंत ते इथून हलणार नाही. तुमच्या मुलीच्या पहिल्या कप्तानकीचा आरंभ लाटांवर न होता वेल्डिंगच्या ठिणग्यांत झाला आहे, याबद्दल कृपया हसू नये.

खलाशांची ओळख करून घेत होते. एकाने गाव सांगितले, अकोले तालुका, आणि मी पुढे सरकणार तोच म्हणाला, "कोल्हारच्या कमोडोर सरांचा विद्यार्थी, मॅडम." तुमचा अमृत. दोरांच्या कामात त्याच्याइतका सफाईदार हात जहाजावर दुसरा नाही. पण त्याच दिवशी जिन्यावरून उतरताना खालच्या डेकवरचे बोलणे माझ्या कानी आले: "अमृतची आता मजाच! घरचीच बोट झाली की!" त्यावर पिकलेला हशाही ऐकला.

आपल्याच जिल्ह्यातला, त्यातून वडिलांचा विद्यार्थी. अशा माणसाशी कप्तानाने कसे वागावे? फोनवर विचारले असते. पण फोनवर तुम्ही आज्ञा देता, पत्रात विचार करता.

यामिनी


कोल्हार, २७ मे २०२५

यामिनी,

आशीर्वाद आहेतच, आता चुका. 'बहुधा' हा शब्द ज्याच्या हाती जहाज आहे त्याने किनाऱ्यावर ठेवून यावा. शिवाय खालच्या डेकवरचे बोलणे कप्तानाच्या कानी पडत नसते. पडले तरी ते पत्रात उतरवायचे नसते.

अमृतविषयी. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या गावातून हा मुलगा मामाकडे शिकायला आला आणि माझ्या नौदल-भरतीच्या वर्गात दाखल झाला. निवृत्तीनंतर प्रवरेच्या काठी मी जी पोरे पळवली, त्यांत याच्याइतके कोणी माझे ऐकले नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचे इथल्याच रतनबाईंच्या रेश्माशी लग्न झाले. वडील नसलेली मुलगी. वडीलधारा म्हणून मीच उभा होतो. ती आता सासरी, डोंगरात असते.

माझ्या पहिल्या जहाजावर राहुरीकडचा एक स्वयंपाकी होता. त्याने विनंती केली आणि मी तिथल्या तिथे रजा दिली. दुसऱ्या दिवशी भटारखान्याच्या दारावर कोणीतरी खडूने लिहून ठेवले होते: 'नगर एक्सप्रेस, आरक्षण चालू.' ते अक्षर आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्या दिवशी मी एक नियम केला आणि उभ्या नोकरीत तो मला एकदाही सोडावा लागला नाही. आपल्या मुलखातल्या माणसाची पहिली विनंती नाकारायची. ऐकूनही घ्यायची नाही, कारण ऐकले की मन विरघळते. गरज खरी असेल तर तो पुन्हा समोर उभा राहतो. तेव्हा खुशाल मान्य करावी. इतरांना न्याय दिसतो, त्याला रजा मिळते, आणि तुझ्यावर बोट ठेवायला जागा उरत नाही.

हे जमले, तर तू कप्तान झालीस असे मी मानेन.

बाबा


कारवार, १० जुलै २०२५

बाबा,

तुमचा नियम वापरला.

आमच्याकडे विनंतीवाले दर गुरुवारी येतात. तुमच्या वेळचीच पद्धत: खलाशी टोपी घालून समोर ताठ उभा, त्याच्या विभागाचा अधिकारी विनंती वाचून दाखवतो, कप्तान एका शब्दात निर्णय देतो. गेल्या गुरुवारी अमृत उभा होता. "दहा दिवसांची रजा," एवढे वाचून लेफ्टनंट कारणाकडे वळणार तोच मी हात वर केला आणि म्हणाले, "नामंजूर." रांगेतल्या इतरांच्या भुवया उंचावल्या. अमृतने सलाम केला, वळला, गेला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. तुम्ही पाहिले असते तर त्याच्या वळण्याला पूर्ण गुण दिले असते.

आज दुसरा गुरुवार. तो रांगेत नव्हता. तेव्हा गरज तितकी खरी नसावी, किंवा माणूस मानी आहे. 'घरची बोट' हा विनोद मात्र त्या दिवसापासून बंद पडला आहे.

एकच गोष्ट सांगते. जेवणाच्या सुट्टीत तो धक्क्याच्या टोकाला जातो आणि फोन उंच धरून उभा राहतो. रेंज तर इथे उत्तम आहे. ती पलीकडे नसावी.

यामिनी


कोल्हार, ९ ऑगस्ट २०२५

यामिनी,

अमृतला तू तातडीची रजा न मागता दिलीस आणि तो येऊन गेला, हे योग्य झाले. कारण तुला एका ओळीत कळले असेल: मूल गेले. बाकीचे मला इथे कळले, ते लिहितो.

रेश्माला आठवा चालू होता. बाळंतपणाला तिला इकडे आईकडे आणायचे ठरले होते. आणायचे कोणी? तिला ना वडील, ना भाऊ. सासरी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चाललेली, घरातले सगळे हात चिखलात. सासरे रंगनाथ म्हणाले, "चार दिस थांब, आवणी उरकली की मीच पोचवतो." सासू आक्काबाईंनाही त्यात वावगे दिसले नाही, त्या स्वतः असेच आवणी करता करता बाळंत झालेल्या. अमृत येऊन घेऊन गेला असता तर त्या दोघांनी अडवले नसते. तो आला नाही. मग एका दुपारी अचानक कळा सुरू झाल्या, जीप मिळाली, आणि घाटात दरड. पलीकडून दुसरी गाडी येईपर्यंत सगळे संपले होते. मुलगा होता.

रेश्मा आता कोल्हारला आईकडे आहे. अमृत आला तेव्हा ती खोलीबाहेर आली नाही. तो रतनबाईंच्या अंगणात बसून राहिला, वाढले ते जेवला आणि निघून गेला. ती त्याचा फोन घेत नाही. सासरी जाणार नाही, कारवारलाही नाही, असे तिने आईला सांगून टाकले आहे.

काल मी भेटायला गेलो. रतनबाईंनी चहा ठेवला. मी रेश्माला म्हणालो, "पोरी, राग धरू नकोस. जहाज समुद्रावर होते. समुद्रावरून माणूस येऊ शकत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सर, बोट बांधून ठिवल्याली हुती. त्यानी मला व्हिडिओवर दावली. मागं ठिनग्या उडत हुत्या. म्हनला, बघ दिवाळी."

मी कप उचलला आणि परत ठेवला.

"तुमी बी त्याचीच बाजू घेताय," ती म्हणाली. "त्यानी रजा मागितलीच न्हाई. मी इचारलं, मागितली का? तर म्हनला, जमलं न्हाई. मागितली असती तर कोन न्हाई म्हनलं असतं? तुमची यामिनीताई बाईमानूसच हाय ना?"

रतनबाई म्हणाल्या, "चा निवला की सर." मी चहा घेतला.

तिचा गैरसमज मी दूर केला नाही. कप्तानाच्या निर्णयाची चर्चा स्वयंपाकघरात होत नसते. कालांतराने तीही शांत होईल.

बाबा


कारवार, १७ ऑगस्ट २०२५

बाबा,

तुमचे पत्र वाचून मी अमृतला बोलावले. कचेरीचे दार लावले आणि त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

मी विचारले, "रजेचे कारण काय होते?"

"मिसेसला माहेरी पोचवायचं होतं, मॅडम."

"मग दुसऱ्या गुरुवारी का नाही आलास? मी वाट पाहत होते." वाट पाहत होते! हे वाक्य माझ्या तोंडून निघताना मलाच ऐकवेना.

तो गोंधळला. मी काहीतरी परीक्षा घेते आहे, असे त्याला वाटले असावे. "मॅडम, कमोडोर सरांनी शिकवलंय. नकार एकदाच घ्यायचा. परत मागायचं नाही, आणि घरी सांगायचं नाही."

बाबा, हे तुम्ही वर्गात शिकवता? नदीकाठी, रांगेत उभ्या केलेल्या पोरांना? आणि मला शिकवलेत की खरी गरज असलेला माणूस दुसऱ्यांदा येतोच. मी दुसऱ्या विनंतीची वाट पाहत या टोकाला बसले होते आणि तो त्या टोकाला तुमचा धडा पाळत होता. आमच्यामध्ये एक रिकामा गुरुवार गेला. तो रिकामा आहे याचेच मला समाधान वाटले होते. १० जुलैचे माझे पत्र काढून पाहा.

तुमच्यावर ढकलण्यासाठी हे लिहीत नाही. नियम तुमचा असेल. वर गेलेला हात माझा होता. लेफ्टनंटच्या कागदावर कारण होते, ते ऐकायला अर्धे मिनिटही लागले नसते. दुसऱ्या कुणाचे मी ऐकले असते. त्याचे ऐकले नाही, कारण तो आपला होता.

मला अपराधी वाटते असे लिहिले की ते फार नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात असे होते की तो डेकवर दोर गुंडाळत असतो आणि मी माझ्याच जहाजावर वाट बदलून दुसऱ्या बाजूने जाते.

वरिष्ठांना मी लेखी कळवले आहे. त्याचे काय व्हायचे ते होईल. पण रेश्मा समजते की नवऱ्याने मागितलेच नाही. तो सांगणार नाही; तुमच्या वर्गाचा आहे. तुम्ही तिच्याकडे जा आणि सांगा: जहाज धक्क्याला होते, त्याने रजा मागितली होती, कप्तानाने न ऐकता नाकारली. त्यांचा संसार तरी आपल्या शिस्तीखाली चिरडला जाऊ नये.

यामिनी


कोल्हार, २४ ऑगस्ट २०२५

यामिनी,

तुझे पत्र भावनेच्या भरात लिहिलेले आहे. तरीही उत्तर देतो.

दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत. नकार मिळाल्यावर जो पुन्हा पुन्हा मागतो आणि घरी जाऊन रडगाणे गातो, त्याचा खलाशी होत नाही; ते मी शिकवतो. कप्तानाने आपल्या माणसाला झुकते माप देऊ नये. तेही मी शिकवले. एकाच माणसाने शिकवलेली दोन माणसे एकाच जहाजावर समोरासमोर येतील, ही शक्यता मी धरली नव्हती. तसा प्रसंग एरवी आला नसता. शिवाय मी 'ऐकू नये' म्हटले तरी कारण कानावर पडू देणे ही कप्तानाची स्वतःची विवेकबुद्धी. नियम आंधळेपणाने लावायचा नसतो.

वरिष्ठांना कळवण्याची घाई तू मला न विचारता केलीस. पदोन्नतीच्या मंडळापुढे तुझे नाव जायला वर्षही उरलेले नाही. आणि कप्तानाने खलाशाच्या बायकोपुढे आपल्या निर्णयाचा खुलासा करायचा, हे कोणत्या नौदलात बसते? तिला काही लिहू नकोस, ही माझी आज्ञा समज.

इथपर्यंत सकाळी लिहिले होते. आता पुन्हा वाचले. एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याने असा बचाव माझ्यापुढे ठेवला असता, तर मी त्याला बाहेर उभे केले असते.

रतनबाईंचे घर माझ्या वर्गाच्या वाटेवर आहे. पंधरा दिवस झाले, मी देवळामागून जातो. तिथे चिखल असतो. काल दूधवाल्या श्रीमंतने हटकले, "सर, हिकडून कुठं? रस्ता चुकला काय?" मी म्हणालो, चिखलातून चालण्याचा सराव चांगला असतो. तो म्हणाला, "या वयात?" आणि हसत गेला.

मी तिच्याकडे जाऊन सांगू शकत नाही. जहाज समुद्रावर होते, असे मी तिच्या तोंडावर सांगितले आहे, तिच्या घरचा चहा घेऊन. त्या वेळी मला सगळे ठाऊक होते. तुझे जुलैचे पत्र माझ्या टेबलावर होते.

आज्ञा मात्र कायम आहे.

बाबा


कारवार, ३१ ऑगस्ट २०२५

सौ. रेश्मा,

तुम्ही मला ताई म्हणता असे बाबांनी लिहिले होते. या पत्रानंतर म्हणालच असे नाही.

अमृतने रजा मागितली होती. तीन जुलैला, माझ्यासमोर उभे राहून, दहा दिवसांची, तुम्हांला माहेरी पोचवण्यासाठी. मी ती नाकारली. जहाज बांधलेले होते, काम अडणार नव्हते, माणसे पुरेशी होती. मी कारणही ऐकून घेतले नाही. तो माझ्या जिल्ह्यातला असल्यामुळे, मी पक्षपाती आहे असे कुणी म्हणू नये, या माझ्या काळजीपोटी मी तसे केले. याहून मोठे कोणतेही कारण नव्हते.

त्याने तुम्हांला हे सांगितले नाही, कारण जहाजावरचा नकार घरी सांगायचा नाही असे त्याला शिकवण्यात आले आहे. बाबा तुम्हांला जे म्हणाले ते खरे नव्हते. ते माझे नाव राखण्यासाठी होते.

क्षमा मागण्याइतकी मी तुमच्या जवळची नाही आणि त्याने काही परतही येणार नाही. तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे, एवढेच कळवायचे होते. तो माझ्यावर असू द्या.

यामिनी


कोल्हार, ११ सप्टेंबर २०२५

यामिनी,

तू आज्ञा मोडलीस. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

आज सकाळी वर्ग चालू असताना रेश्मा नदीकाठी आली. हातात तुझे पत्र. पोरे जोर काढत होती. ती सरळ रांगेच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, थांबवा की जरा." वर्ग मी कधी कुणासाठी थांबवलेला नाही. थांबवला.

"हे यामिनीताईंचंच का?"

"होय."

"म्हंजी तुमाला म्हाईत हुतं. आमच्या घरात बसून चा पिलात तवा."

"होय."

"आन बोट समुद्रावर हाय म्हनलात."

"होय."

पोरे ऐकत होती. त्यांना पाठवून द्यावे असे मनात आले. पण मग तेही तुझे-माझे नाव राखणेच झाले असते. मी त्यांना तसेच उभे ठेवले.

"अमृत सांगायचा," ती म्हणाली, "सगळी दुनिया खोटं बोलंल, आमचं सर न्हाई बोलनार. लगीन ठरलं तवा बी हेच. मी म्हनायची, सरांशीच करा मग लगीन." मागे एक पोरगा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. ती हसली नाही.

मी विचारले, "रेश्मा, मी काय करू?"

"तुमी काय करनार? काय करन्यासारखं ऱ्हायलंय का?" मग आवाज खाली आणून, "पत्र आल्यापासून मी त्याला फोन लावतीय. इचारलं, रजा मागितली हुती का न्हाई, तेवढं सांग. तर म्हनतो, जाऊ दे ते. मॅडमनी लिवून दिलंय म्हनलं, तरी जाऊ दे! मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, सर. मी त्याची बायको हाय, बोट न्हाई. तुमीच त्याला कुलूप लावलंय. आता तुमीच काढा."

मी फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा धरला.

"अमृत, कमोडोर बोलतोय."

"जय हिंद, सर." तिकडे तो ताठ उभा राहिला हे मला इकडे ऐकू आले. तुला कळेल मी काय म्हणतो ते.

"नकार घरी सांगायचा नाही, असे मी तुला शिकवले होते. परत मागायचे नाही, असेही शिकवले होते. दोन्ही चुकीचे होते. इथे वर्ग उभा आहे, त्यांच्यासमोर सांगतो आहे."

पलीकडून आले, "सर, तुमचं काही चुकलं नाही, सर."

यामिनी, मला आजवर अनेकांनी दोष दिला, चौकशी मंडळांपुढेही मी उभा राहिलो आहे. या एका वाक्याने मला जे झाले ते कधी झाले नव्हते. इतका पक्का धडा मी दिला होता.

"चुकले," मी म्हणालो. "तुझी बायको इथे उभी आहे. तिला सांग."

"काय सांगू, सर?"

"सगळे."

"येस सर."

आणि तो तिथेच थांबला. आज्ञा मिळाली होती. ती पाळायची कशी हे त्याला येत नव्हते. ते मी शिकवलेले नाही. मला स्वतःलाही ते येत नाही. तुझी आई गेली तेव्हा मी तुला पाठवलेली तार तुझ्याजवळ असेल तर पाहा, त्यात फक्त वेळ आणि ठिकाण आहे.

रेश्माने माझ्या हातून फोन घेतला, त्याचा स्पीकर बंद करून कानाला लावला आणि घाटाच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसली. मी पोरांना घरी पाठवले. उद्या वर्ग घ्यायचा की नाही, घेतला तर तिथे काय शिकवायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ती कारवारला येणार की नाही हेही मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याची माझी जागा राहिलेली नाही. तिने माझ्याकडून एवढेच मागितले होते.

मी काठाने चालू लागलो. मागून तिचा आवाज येत होता. आधी चढा: "मग मला का न्हाई म्हनलास? मी काय खाल्लं असतं का तुला?" मग नुसतेच "हं", "हं", "मग?" मग बराच वेळ काही नाही. मी वळून पाहिले नाही, तरी ती मला पाहत असावी; कारण नंतर जे ऐकू आले ते तिने मुद्दाम हळू केलेल्या आवाजात होते, आणि पाण्यावरून ते स्पष्ट आले:

"रड आता. सर लांब गेल्यात."

मी आणखी लांब गेलो.

बाबा